मैदानावरच्या ताई-दादांचे आभार

मे महिन्यात बास्केटबॉलच्या शिबिरात माझी 13 वर्षांची मुलगी रिबाउंडसाठी, म्हणजे रिंगला लागून परतलेला चेंडू पकडायला, उडाली आणि दुसरीच्या पायावर उतरली. घोटा मुरगळला. मी सीताबर्डीला कामावर, फोन पिशवीत. मी धावत पोहोचले तोवर शिबिरातल्या दादांनी पायाला बर्फ लावून, पट्टी बांधून एक्स-रेही काढून आणला होता. हाड शाबूत होतं. पैसे विचारले तर म्हणाले, "नंतर बघू, काकू." अजून घेतलेले नाहीत.

पण मला सांगायचंय ते पुढचं. पोरगी घरी रडत बसायची, टीममधली जागा गेली म्हणायची. चौथ्या दिवशी संध्याकाळी शिबिरातल्या ताई स्कूटीवर थेट सक्करदऱ्याला आमच्या दारात! तिला मैदानावर नेलं, खुर्चीत बसवलं, हातात 6 नंबरचा, मुलींच्या मापाचा चेंडू दिला. कोपर रिंगच्या रेषेत, चेंडू सुटला की मनगट खाली, एवढंच शंभरदा. मग स्कोअरशीट भरायला शिकवलं. शिबिर संपलं तरी महिनाभर रोज नेलं, आणलं, तेही नागपूरच्या त्या उन्हात.

परवा ती पुन्हा धावली. नावं लिहू नका म्हणालात, म्हणून लिहीत नाही. रविवारी तर्री-पोहे करतेय, दोघांनीही यायचंच.