फ्यूज बदलायच्या आधी हे वाच

प्रिय सुहास,

परवा फोनवर तू म्हणालास की गाडीतलं चार्जिंगचं सॉकेट बंद पडलंय, त्याच्याबरोबर रेडिओपण गेलाय, आणि कुणीतरी तुला सांगितलं की 15 अँपिअरचा फ्यूज काढून 30 चा टाक, म्हणजे परत उडायचा प्रश्नच नाही. मी गडबडीत होतो, "थांब, काही करू नकोस" एवढंच बोलून फोन ठेवला, पण ते 30 चं काही डोक्यातून जाईना म्हणून आता बसून सगळं लिहितोय. पत्र लांबणारे, तरी गाडीला हात लावायच्या आधी पूर्ण वाच.

माझी जुनी गाडी आठवते ना तुला, तिचा मागच्या लाइटचा फ्यूज सारखा उडायचा. 10 चा होता. एका मेकॅनिकने तो काढून 30 चा बसवून दिला आणि मीही काही विचारलं नाही, लाइट लागतायत ना मग झालं. दोनेक महिने काहीच त्रास नाही. मग एका रात्री गाडी चालवताना मागून प्लास्टिक जळाल्याचा वास यायला लागला, तसाच बाजूला थांबलो, इंजिन आणि लाइट बंद केले, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवली आणि मगच डिकी उघडली. डिकीच्या बिजागरीपाशी रबराची नळी असते बघ, तिच्यातून वायरी झाकणात जातात, तिथे एक वायर उघडझाप होऊन होऊन सोलली होती आणि पत्र्याला अर्धवट टेकत होती. आणि तिथपर्यंत आलेली हातभर वायर पूर्ण काळी. शेजारच्या दोन वायरी तिला चिकटून एकच झालेल्या, नख लावलं की वरचं आवरण खपलीसारखं हातात येत होतं. वर कार्पेट, त्याच्यावर मुलांच्या दप्तरांचा ढीग, आणि फ्यूज मात्र एकदम शाबूत! हे बघून माझे हातपाय गार पडले होते रे.

तेव्हा मला नीट कळलं की फ्यूज रेडिओला वाचवण्यासाठी नसतोच मुळी, तो वायरला वाचवण्यासाठी असतो. वायरच्या जाडीला किती करंट झेपेल ते बघून कंपनीने तो आकडा ठरवलेला असतो, सगळ्या रस्त्यात मुद्दाम एकच जागा कच्ची ठेवलेली, म्हणजे काही बिघडलं तर तिथेच तुटावं, दुसरीकडे कुठे नाही. 15 च्या फ्यूजमधून 30 अँपिअर जायला लागले तर तो पाचेक सेकंदांत उडतो. 30 चा टाकलास तर तेच 30 अँपिअर तो निवांत जाऊ देणार, आणि तापणार कोण, तर आत कार्पेटखालची बारीक वायर.

आता कसं बघायचं ते. इंजिन बंद, चावी बाहेर, लाइट पंखा सगळे स्विच बंद. फ्यूजबॉक्स बहुतेक गाड्यांत दोन असतात, एक बॉनेटखाली बॅटरीच्या आसपास आणि एक आत डॅशबोर्डच्या खाली नाहीतर ग्लोव्हबॉक्सच्या मागे. झाकणाच्या आतल्या बाजूला किंवा मॅन्युअलमध्ये नकाशा असतो, कुठला फ्यूज कशाचा ते. तुझं सॉकेट आणि रेडिओ एकदमच गेलेत, म्हणजे दोन्ही एकाच फ्यूजवर असण्याची शक्यता जास्त, पण नकाशा बघूनच काढ, अंदाजाने एकेक उपसत बसू नकोस. आणि काढायच्या आधी मोबाइलवर फोटो काढून ठेव.

बॉक्समध्येच कुठेतरी प्लास्टिकचा छोटा चिमटा खोचलेला असतो, त्याने सरळ वर ओढायचा. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नकोस, शेजारच्या पट्टीला टेकला तर तिथेच ठिणगी पडेल. निघाला की टॉर्चसमोर धर. आरपार दिसणाऱ्या प्लास्टिकमधून आतली वाकडी पट्टी दिसते, ती मधे तुटलीय का बघ. हेही बघ की कशी तुटलीय, म्हणजे नुसती मधे बारीक फट असेल तर बहुतेक हळूहळू जास्त लोड पडलेला असतो, आणि आतून प्लास्टिकवर काळा चंदेरी डाग उडालेला असेल तर समज की जोरदार शॉर्ट झालाय. मी तर उडालेला फ्यूज लगेच फेकतच नाही, त्याच्याकडे बघून निम्मं काम होतं.

कधी कधी चीर इतकी बारीक असते की डोळ्यांना दिसत नाही, तेव्हा मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचं छोटं मीटर, घे. फ्यूजच्या डोक्यावर धातूचे दोन बारीक ठिपके उघडे असतात, ते त्याच्यासाठीच आहेत. फ्यूज जागेवर ठेवून चावी ऑन कर, इंजिन चालू करायची गरज नाही, मीटर डीसी व्होल्टवर, काळी वायर रंग नसलेल्या पत्र्याला किंवा बॅटरीच्या निगेटिव्हला, आणि लाल टोक आधी एका ठिपक्यावर मग दुसऱ्यावर. दोन्हीकडे बारा व्होल्टच्या आसपास आले तर फ्यूज चांगला, बिघाड दुसरीकडे. एकीकडे बारा आणि दुसरीकडे शून्य, तर उडालाय. दोन्हीकडे शून्य असेल तर फ्यूजपर्यंत सप्लायच येत नाहीये.

नवा घेताना आकडा तोच आणि साइजपण तीच, नेहमीचा आणि मिनी एकमेकांच्या जागी बसत नाहीत, जबरदस्ती केली तर खाच सैल होते आणि पुढे तिथेच तापते. रंग ठरलेले असतात, 10 लाल, 15 निळा, 20 पिवळा, 30 हिरवा, पण मोठ्या मॅक्सी फ्यूजमध्ये 50 चा लाल आणि 60 चा निळा असतो, त्यामुळे रंगावर जाऊ नकोस, वरचा आकडा वाच. अडचणीत असशील आणि स्पेअर नसेल तर बिनमहत्त्वाच्या सर्किटचा तेवढ्याच आकड्याचा काढून लाव, किंवा कमी आकड्याचा लाव, फार तर परत उडेल. चंदेरी कागद (फॉइल) किंवा वायरचा तुकडा अजिबात नाही, अगदी घरापर्यंत जायचं असलं तरी नाही.

आणि नवा लावायच्या आधी सॉकेटला लावलेलं सगळं काढ आणि आत टॉर्च मारून बघ. मुलं मागे बसतात, एखादं नाणं नाहीतर चार्जरची तुटलेली पिन आत पडली असेल तर कितीही फ्यूज घाल, उडतच राहणार. आत बोट किंवा धातूचं काही घालू नकोस, फ्यूज काढलेला असतानाच प्लास्टिकच्या किंवा लाकडाच्या काडीने काढ. तू त्या सॉकेटवर हवा भरायचा पंप लावतोस ना, त्याचे वॅट वाच आणि बाराने भाग, 120 वॅटचा असेल तर 10 अँपिअर झाले, 180 चा असेल तर 15, म्हणजे 15 चा फ्यूज काठावरच आला आणि वर रेडिओ वेगळाच. असं असेल तर दोष गाडीचा नाहीच, पंप थेट बॅटरीला क्लिप लावून चालणारा घे.

नवा फ्यूज चावी बंद ठेवूनच बसव, मग एकेक गोष्ट चालू कर. रेडिओ लावल्या लावल्या उडाला तर गोम रेडिओच्या बाजूला, आणि सगळं बंद असतानाच उडाला तर वायर कुठेतरी पत्र्याला लागलीय. दुसऱ्यांदा उडाला की तिसरा लावू नकोस, सरळ ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा आणि त्याला सांग की फ्यूज मोठा करायचा नाही, वायर शोधायची.

एअरबॅगच्या फ्यूजला हात लावू नकोस. बॅटरीवर बोल्टने कसलेले मोठे फ्यूज असतात तेही सोड. वहिनींच्या हायब्रिड गाडीत जाड केशरी वायरी दिसतील, त्यांच्या जवळपासही जायचं नाही, तिथे बारा व्होल्ट नसतात, शेकड्यांत असतात. आणि फ्यूजची खाचच वितळलेली किंवा तपकिरी दिसली तर नवा न लावताच गाडी दाखव.

शनिवारी मी घरी आहे. उजेडात बॉक्स उघड आणि व्हिडिओ कॉल लाव, आपण दोघं मिळून बघू. त्याच्या आधी उडालेल्या फ्यूजचा जवळून फोटो पाठव, काळा डाग आहे की नुसती फट ते मला बघायचंय.

तुझाच,
विनू