फवारणीआधी पान उलटून पाहा

महोदय,

श्रावण लागला की आमच्याकडे पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, फवारणीचे पंप फिरू लागतात. पान कोकडलेलं दिसलं की दुकान गाठायचं आणि मिळेल ते दोन-तीन औषधांचं मिश्रण मारायचं. गेल्या वर्षी मीही सिंथेटिक पायरेथ्रॉइड हे रासायनिक कीटकनाशक फवारलं. पुढे पावसाने उघडीप दिली आणि पानं लालसर पडली. भिंग लावलं तर पानाखाली बारीक जाळी, तिच्यात लाल कोळी, पानाचा रस शोषणारी बारीक कीड! त्यांना खाणारे ढालकिडे (लेडीबर्ड) फवारणीने आधीच मेले होते.

यंदा दर आठवड्याला वीस झाडं तपासतो, प्रत्येकाची तीन पानं. दर पानाला दोन-तीन तुडतुडे किंवा दहा मावा (दोन्ही रस शोषणाऱ्या किडी) भरले, तरच फवारणी. तीही आधी 5 टक्के निंबोळी अर्काची. बोंडअळीसाठी हेक्टरी 5 कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणारे) लावलेत. डोमकळी, म्हणजे आत अळी असलेलं न उमललेलं फूल, दिसली की अळीसकट तोडतो.

2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ती घरं अजून आमच्या डोळ्यांसमोर आहेत. कृषी खात्याने जुलैतच बांधावर येऊन पान उलटून दाखवावं, आणि फवारणाऱ्या मजुराला हातमोजे, मास्क मिळतो की नाही तेही पाहावं.

– एक कापूस उत्पादक, यवतमाळ