ओव्हरहॉलचे पूर्ण पैसे घेतलेत, बेलोज मात्र जुनेच ठेवलेत

सर्व्हिस मॅनेजर साहेब, नमस्कार,

फोनवर चार वेळा बोलून झालं, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवले, व्हिडिओ पाठवला, आणि शेवटी तुमच्याकडून दोन ओळींचं उत्तर आलं की बोटीचा ड्राइव्ह मी स्वतः उघडला म्हणून वॉरंटी संपली. ते मला मान्य नाही म्हणून सगळं लेखी देतोय.

माझी बोट घरची आहे, २० फुटी, पेट्रोल इंजिन आत आणि मागे स्टर्नड्राइव्ह, म्हणजे बोटीच्या मागे बाहेर लावलेला गिअर आणि पंख्याचा भाग. रेवदंड्याच्या खाडीत असते, भाड्याने वगैरे देत नाही, घरचे लोक कोर्लईच्या बाजूला नाहीतर अलिबागकडे फिरायला जातो तेवढंच. सहा वर्षं ड्राइव्हचं काम मीच करत आलोय. मे अखेरीला बोट वर ओढली की गिअर ऑइल काढायचं, इम्पेलर म्हणजे थंड करायच्या पाण्याच्या पंपातलं रबरी चक्र बदलायचं, झिंक म्हणजे ड्राइव्हच्या ऐवजी गंजणारे धातूचे तुकडे बघायचे, पंखा काढून शाफ्टला तंगूस गुंडाळलाय का ते बघायचं कारण आमच्याकडे जाळ्यांचा तंगूस पाण्यात कुठेही असतो आणि तो एकदा सीलमध्ये शिरला की सील कापतो. बेलोजपण, म्हणजे शाफ्टभोवतीची रबरी नळी, मीच बदलायचो, शेवटचे २०२२ ला बदलले.

यंदा तुमच्याकडे यायचं कारण एकच होतं. ऑइल काढलं तर ड्रेन स्क्रूच्या मॅग्नेटला लोखंडाचे कपचे चिकटलेले. बारीक पूड असती तर मी घाबरलो नसतो, ती थोडीफार असतेच, पण हे नखाएवढे तुकडे होते म्हणजे गिअर नाहीतर बेअरिंग तुटायला लागलंय. आणि ते काम घरी होत नाही हे मला माहितीये. बेअरिंग प्रेसमध्ये दाबून बसवावं लागतं, शिम म्हणजे पातळ चकत्या टाकून गिअरमधली फट जुळवावी लागते, कागदाएवढा फरक पडला तरी नवीन गिअर एका सीझनमध्ये जातो. त्यासाठीची हत्यारं आणि हात माझ्याकडे नाहीत. म्हणून म्हटलं आपल्याला येतं ते आपण करू आणि गिअरचं तेवढं स्पेशालिस्टला देऊ. तुमच्याच माणसाने मला समजावलं की असं अर्धं अर्धं करू नका, पूर्ण ओव्हरहॉल आमच्याकडेच द्या म्हणजे सगळ्याची जबाबदारी एकाची राहील. मला ते पटलं. म्हणून मी पूर्ण १,४६,५०० रुपये भरले. त्यात बेलोज किट, गिंबल बेअरिंग (शाफ्टला आधार देणारं), अलाइनमेंट (इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत आणणं) आणि त्या सगळ्याची मजुरी मिळून ३१,४०० वेगळे लिहिलेत, बिल सोबत जोडलंय.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात बोट पाण्यात टाकली. दोन फेऱ्या ठीक झाल्या. तिसऱ्या वेळी माझे वडील आणि नऊ वर्षांचा मुलगा बरोबर होते, अलिबागच्या कुलाबा किल्ल्याच्या समोर आलो आणि स्टीअरिंग वळवलं की मागून घरघर ऐकू यायला लागली, सरळ चालवली की कमी, वळवली की परत जास्त. दोनच मिनिटांत बोटीच्या तळातलं पाणी बाहेर फेकणारा बिल्ज पंप आपोआप सुरू झाला आणि थांबेचना. झाकण उघडून बघितलं तर ट्रान्समच्या, म्हणजे बोटीच्या मागच्या भिंतीच्या, बाजूने पाणी येत होतं. तिथूनच मागे फिरलो, मुलाला लाइफ जॅकेट होतंच, वडिलांनाही घालायला लावलं, आणि रेवदंड्याच्या तोंडाशी येईपर्यंत पंप एकदाही बंद झाला नाही. ती पाऊण तासाची वाट मी अजून विसरलो नाहीये साहेब.

तुमच्या ऑफिसात हे पत्र वाचणाऱ्याला माहीत नसेल तर सांगतो, बेलोज म्हणजे लोहाराच्या भात्यासारखी घड्यांची रबरी नळी. इंजिनमधून ड्राइव्हकडे जाणारा शाफ्ट ट्रान्समच्या भोकातून जातो आणि ते भोक पाण्याखाली असतं. समुद्र आणि बोटीचं पोट यांच्यामध्ये ते एक रबर असतं. ते फाटलं की पाणी आधी गिंबल बेअरिंगमध्ये आणि मग बोटीत, आणि बोट रात्री नांगरावर उभी असेल आणि बॅटरी उतरली तर सकाळी ती तळाला गेलेली असते.

त्याच संध्याकाळी तुम्हाला फोन केला, तर टेक्निशियन १२ दिवसांनी येईल म्हणाले. बोट ट्रॅक्टर लावून वर ओढली खरी पण खारं पाणी आतच होतं, १२ दिवस तसंच ठेवलं असतं तर यू-जॉइंटसुद्धा, म्हणजे शाफ्टचे वळणारे सांधे, गंजून गेले असते. हे मी फोनवर सांगितलं, तेव्हा समोरून "बघा तुम्हाला काय करायचं ते" असं उत्तर आलं. म्हणून दुसऱ्या दिवशी मी आणि माझा मेहुणा बसलो, व्हिडिओ चालू ठेवला, लिव्हर फॉरवर्डला टाकला, सहा नट काढले आणि ड्राइव्ह मागे ओढला.

आतून गढूळ खारं पाणी पडलं. बेलोजच्या खालच्या घडीत बोटभर चीर. आणि बेलोज आवळून धरणाऱ्या क्लॅम्पवर माझी पांढरी रेघ. मी क्लॅम्प आवळला की स्क्रू आणि पट्टी दोन्हीवर मिळून पेंटची एक रेघ ओढतो, म्हणजे स्क्रू पुढे कधी फिरला तर रेघ तुटलेली दिसते. ती २०२२ ची रेघ जशीच्या तशी आहे. म्हणजे तो क्लॅम्प तुमच्याकडे कोणी सोडवलाच नाही, आणि क्लॅम्प न सोडता बेलोज बदलता येत नाही हे तुम्हाला मी सांगायला नको.

जे नीट केलंत तेही सांगतो. इम्पेलर नवा आहे. गिअर ऑइल स्वच्छ निघालं, मॅग्नेटवर काही नाही, गिअर बदलताना आवाज नाही. ज्याने गिअर जुळवले त्याला काम येतं. गिंबल बेअरिंग नवं होतं की जुनं हे मी छातीठोकपणे नाही सांगू शकत, पाणी शिरल्यावर नवंही गंजतं. पण मला राग याच गोष्टीचा आहे की जे अवघड होतं, जे मला दिसत नाही आणि तपासता येत नाही, त्यासाठी मी तुमच्यावर विश्वास ठेवला आणि ते तुम्ही केलंत, आणि जे मी दर वेळी माझ्या अंगणात करतो ते फक्त बिलात लिहून मोकळे झालात. मी ते काम तुम्हाला दिलं नसतं तर नवीन बेलोज घालूनच बोट पाण्यात टाकली असती. काम घेताना जुने पार्ट परत द्या असं मी सांगितलं होतं, तेव्हा "ते टाकून दिले" म्हणालात. जुने बेलोज तर माझ्याच बोटीवर होते.

आता मला हे पाहिजे. ३१,४०० रुपये परत. गिंबल बेअरिंग आणि यू-जॉइंट तुमच्या खर्चाने नवीन, पण काम रेवदंड्याला माझ्यासमोर व्हायला हवं, अलाइनमेंटचा बार घालून दाखवायचा आणि ड्राइव्हची प्रेशर टेस्टपण माझ्यासमोर. बेलोज मी स्वतः घालणार, त्याचं सामान तेवढं द्या. किती शिम टाकले आणि गिअरची फट किती ठेवली हे लेखी द्या. आणि गिअरच्या कामाची वॉरंटी चालू आहे असं पत्र द्या, कारण गिअरकेसला मी हात लावलेला नाही, व्हिडिओत सगळं दिसतंय.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवस वाट बघेन. नाहीतर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली अलिबागला जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकणार, रक्कम ५ लाखांच्या आत आहे त्यामुळे फीपण लागत नाही आणि मुदत २ वर्षांची आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवलीच आहे.

फाटलेले बेलोज आणि क्लॅम्प पिशवीत बांधून ठेवलेत. कोणी बघायला येणार असेल तर या, बोट वर ओढून वाळूवरच ठेवलीये.

आपला,
एक ग्राहक, रेवदंडा