शाळेच्या स्वेटरला चंदेरी पट्टी लावा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

निफाडच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्रात पारा किती खाली आला, हे थंडी पडली की तुम्ही पहिल्या पानावर छापता. त्याच गारठ्यात, त्याच पहाटे सायकलवर निघालेल्या मुलांच्या अंगावर काय असते, त्याविषयी हे पत्र आहे. मी मखमलाबादला राहते आणि घरी शिवणकाम करते. जूनमध्ये शाळेचे गणवेश, दिवाळीनंतर जाकिटांच्या चेन बदलणे, असे माझे वर्ष जाते.

गेल्या जानेवारीत माझी नववीतली मुलगी शाळेला निघाली होती. शाळा सातची, म्हणून सव्वासहाला घर सोडावे लागते. जानेवारीत आपल्याकडे सूर्य उगवायलाच सात वाजून जातात. बागांमधल्या रस्त्याला दिवे नाहीत, त्यात त्या दिवशी धुके. मागून आलेल्या पिकअपचा आरसा तिच्या कोपराला लागला आणि ती कडेच्या चारीत पडली. मनगट मोडले. चालक पळून गेला नाही. मुलीला आणि सायकलला गाडीत घालून त्यानेच घरी आणले. दारात उभा राहून “ताई, पोर दिसलीच नाही हो,” एवढेच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. त्याला बोलायला मी तोंड उघडले आणि मुलीकडे नजर गेली. शाळेचा गडद निळा स्वेटर, त्यावर मळ दिसू नये म्हणून मीच आणलेले काळे विंडचीटर, पाठीवर काळे दप्तर, पायात काळे बूट. माझे शब्द तिथेच थांबले.

पुढच्या रविवारी पहाटे आम्ही नवराबायको त्याच रस्त्यावर गेलो. बागेच्या तारेवर मी चार कपडे टांगले: तिचा निळा स्वेटर, एक पांढरा शर्ट, बाजारात मिळतो तसा झगझगीत पोपटी टी-शर्ट, आणि चौथे ह्यांचे जुने जाकीट, त्याला रात्री बसून मी रेडियमची पट्टी शिवली होती. हे स्कूटरवर दूर गेले आणि दिवा लावून सावकाश येऊ लागले. जो कपडा दिसेल तिथे हॉर्न द्यायचा आणि मी पावले मोजायची, असे ठरले होते. निळा स्वेटर बावीस पावलांवर दिसला. तेवढ्यात भरधाव गाडीला ब्रेकही लागत नाही. पांढरा शर्ट साठ पावलांवर. पोपटी टी-शर्टवर माझा फार भरवसा होता, पण तो पांढऱ्याच्याही अलीकडे राहिला. पट्टी मात्र हे वळणावर असतानाच चमकली. मोजत गेले तेव्हा दोनशेच्या वर पावले भरली.

पोपटी रंगाने असे का केले, ते नंतर उमगले. ते कापड उन्हातले डोळ्यांना न दिसणारे किरण घेते आणि दिसणाऱ्या रंगात परत टाकते, म्हणून दुपारी ते इतके उठून दिसते. सूर्यच नसेल तर ते घेणार काय? गाडीच्या दिव्यात तसे किरण फारसे नसतातच. चंदेरी पट्टीचे काम वेगळे. आपण तिला रेडियम म्हणतो, पण त्यात रेडियम नसते. काचेचे बारीक मणी असतात आणि ते आलेला उजेड आल्या वाटेने परत पाठवतात. म्हणून बाजूला उभ्या माणसाला पट्टी साधी राखाडी वाटते आणि दिव्यामागे बसलेल्या चालकाला पेटल्यासारखी दिसते. पालकांनी दुकानात घेताना मोबाइलचा टॉर्च डोळ्याजवळ धरून पट्टीकडे पाहावे. खरी-खोटी लगेच कळते.

आता पट्टी कुठे लावायची ते सांगते, कारण इथेच सगळे चुकतात. जाकिटाच्या पाठीवर मोठी पट्टी असते आणि तिच्यावर दप्तर येते, म्हणजे ती झाकलीच गेली. दप्तराला वेगळी पट्टी हवी, खालच्या कप्प्यावर आडवी. दुसरी जागा पायाची. घोट्याला बांधायचा पट्टा मी दोन इंच रुंद करते, टोकांना वेल्क्रो. पायडल मारताना तो वरखाली होतो आणि ते हलणे पाहून चालकाला लांबूनच कळते की पुढे सायकलवर माणूस आहे, खांब किंवा दगड नाही. सलवारीचा, पँटचा घेर चेनमध्येही जात नाही. तिसरी जागा बाह्यांवर, म्हणजे वळताना हात दाखवला तर तो दिसतो. पट्टीवर इस्त्री फिरवू नये, मणी जातात. चिखल उडाला तर ओल्या फडक्याने पुसावी, मळलेली पट्टी चमकत नाही.

थंडीचेही सांगायला हवे, कारण दिसणारे कपडे गारठ्यात उपयोगाचे नसतील तर मूल त्यावर काळी शाल गुंडाळणारच. आतला सुती बनियन घामाने भिजतो आणि सायकल थांबली की तोच अंगाला गार लागतो, म्हणून आत लवकर वाळणारा खेळाचा टी-शर्ट, मग स्वेटर, वरून वारा अडवणारे पातळ विंडचीटर. लोकर ऊब देते, पण सायकलवर समोरून येणारा वारा तिच्यातून आरपार जातो. पॅराशूट कापडाच्या जाकिटात घाम कोंडतो. त्यासाठी मी काखेखालची शिवण चार बोटे उसवून तिथे जाळी लावते. पाठ तीन इंच लांब ठेवते, कारण सायकलवर वाकले की कंबर उघडी पडते. जानेवारीत धुके आणि दव, कधी अवकाळी, म्हणून पाणी न शोषणाऱ्या कापडावर पट्टी शिवली की आतून टाक्यांवर पंक्चरचे सोल्युशन फिरवते. मफलरची टोके मात्र स्वेटरच्या आत खोचलेली हवीत, नाहीतर कानटोपीच बरी.

हे शहर सायकलवर प्रेम करणारे आहे. इथल्या डॉक्टर महाजन बंधूंनी २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली, त्याचा आम्हाला आजही अभिमान वाटतो. रविवारी गंगापूर रोडने जाणाऱ्या हौशी सायकलस्वारांकडे लुकलुकणारे लाल दिवे असतात, अंगावर पट्ट्या असतात. पण अंबड, सातपूरच्या पहिल्या पाळीला जाणारा कामगार, दूधवाला, तुमचाच पेपर टाकणारा मुलगा हे काळ्या-तपकिरी कपड्यांत अंधारातून जातात. त्यांना महागड्या जाकिटाची गरज नाही. दप्तर आणि दोन पाय मिळून एक मीटर पट्टीही लागत नाही. मिसळीच्या एका प्लेटपेक्षा हा खर्च कमी आहे.

मुलांसाठी मात्र शाळांनीच पुढे यायला हवे. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असे सरकारने २०२४ मध्ये सांगितले. पण स्वतः सायकल चालवत शाळेला जातात ती पाचवीच्या पुढची मुले, आणि ती अजूनही अंधारातच निघतात. स्वेटरचा रंग शाळा ठरवते, दुकानही बहुधा तीच सांगते. त्याच स्वेटरच्या दोन्ही बाह्यांवर पट्टी घालून द्या, एवढेच मागणे आहे. मी एका शाळेत जाऊन हे बोलले तर गणवेशात बदल चालत नाही असे उत्तर मिळाले. मुलीचे दप्तर आणि पाय तरी माझ्या हातात होते, तिथे मी पट्टी लावली आहे.

स्वेटरची मागणी पावसाळ्याआधीच विणणाऱ्यांकडे जाते. मुख्याध्यापकांनी आणि पालक-शिक्षक संघांनी हा विषय मार्च-एप्रिलच्या बैठकीत घ्यावा. नमुना हवा असेल तर मी पट्टी लावलेला एक स्वेटर शिवून शाळेत आणून देईन, त्याचे पैसे नकोत.

आपली,
शिवणकाम करणारी एक आई
मखमलाबाद, नाशिक