बोंडांचा सडा आणि अप्पासाहेबांचा हिशेब

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कोकणच्या विकासावर आपल्या दैनिकात गेले काही दिवस वाचकांची पत्रे येत आहेत. चौपदरी रस्ता, विमानतळ, बंदर, पर्यटन, आणि अधूनमधून ‘कोकणचा कॅलिफोर्निया करू’ ही आपली जुनीच घोषणा. माझी सगळी नोकरी विकास सोसायट्यांच्या, म्हणजे गावोगावी शेतकऱ्यांना कर्ज आणि खत देणाऱ्या सहकारी संस्थांच्या, गटसचिवाची झाली, त्यामुळे मोठा आकडा दिसला की तो शेवटी कोणाच्या खात्यावर जमा होणार हे आधी बघायची खोड लागली आहे. या चर्चेत एक नाव अजून कोणी घेतले नाही, म्हणून हे पत्र.

१० मार्च हा अप्पासाहेब पटवर्धनांचा स्मृतिदिन. १९७१ साली ते गेले. त्या दिवशी तसबिरीला हार पडतो, मुलांच्या हातात फोटोपुरते खराटे येतात, ‘कोकणचे गांधी’ म्हणून एक भाषण होते आणि चहा होतो. खराटा त्यांनी खरोखरच हातात घेतला होता. रत्नागिरीच्या तुरुंगात मैलासफाईचे काम आपल्याला करू द्यावे, म्हणून १९३२ साली ते अडून बसले, तेव्हा त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात गांधीजींनीही उपवास धरला होता. पण नुसत्या खराट्याचे अप्पासाहेब हे अर्धेच अप्पासाहेब. मला ते आठवतात ते हिशेबी माणूस म्हणून.

कणकवलीजवळ वागद्याला त्यांनी १९४८ साली गोपुरी आश्रम काढला. त्या काळचे कोकण मनिऑर्डरीवर जगत होते. मुलगा गिरणीत, आणि पोस्टमन दिसला की घरात मिठामिरचीची सोय. मुंबईहून आलेला पैसा वाण्याच्या दुकानातून आठ दिवसांत पुन्हा बाहेर. अप्पासाहेबांनी बाहेरून आणखी पैसा आणायच्या गोष्टी फारशा केल्या नाहीत. गावातले काय फुकट जाते, इकडे त्यांची नजर होती. मेलेला बैल ओढत नेऊन गिधाडांना टाकायची रीत होती. त्याचे कातडे, हाडे, चरबी, सगळ्याला पैसा आहे, हे त्यांनी नुसते सांगितले नाही. स्वतः सुरी घेऊन जनावर सोलायला बसले. ब्राह्मणाच्या घरात जन्मलेला, शिकलेला माणूस हे करतो म्हणून लोकांनी नावे ठेवली. माझ्या मते त्यात एक पक्का व्यवहार होता. जे काम एकाच जातीच्या गळ्यात अडकवून ठेवले आहे, त्याला कधी धड दाम मिळत नाही. सगळ्यांचे हात लागले की त्याचा धंदा होतो. अस्पृश्यता आणि दारिद्र्य या त्यांच्या वहीत दोन वेगळ्या नोंदी नव्हत्याच.

मैल्याचेही तसेच. गोपुरी पद्धतीच्या संडासात मैल्यावर माती, पालापाचोळा टाकून त्याचे सोनखत करायचे. शब्दच बघा, सोनखत! आता आमच्या घरची गोष्ट सांगतो. संडास बांधताना मी दोन खड्ड्यांचा धरला होता. एक भरला की दुसरा वापरायचा, तोवर पहिल्यात खत तयार. गवंड्याने मला वेड्यात काढले. ‘सगळे टाकी बांधतात, तुम्ही काय खड्डे खणता?’ मीही बधलो. आता दर दोन पावसाळ्यांनी टँकर बोलवावा लागतो. तो उपसून कुठे नेऊन ओततो, हे मी त्याला विचारत नाही आणि तोही सांगत नाही. पैसे देऊन सोनखत घालवायचे आणि पुन्हा पैसे देऊन खताची गोणी आणायची. मीच ज्या सोसायटीची वही लिहिली, तिच्याकडूनच ती उधारीवर आणतो.

पण पत्र लिहायला खरे कारण घडले ते काजूच्या बागेत. स्मृतिदिन नेमका काजूच्या दिवसांत येतो. सकाळी झाडाखाली जा. बोंडांचा सडा पडलेला असतो, लाल, पिवळा. बायका खाली बसून बी पिरगळून काढतात, बोंड मागे भिरकावतात. दुपारपर्यंत आंबट वास सुटतो, माशा घोंगावतात, दुसऱ्या दिवशी पायाखाली चिखल. बीच्या कित्येक पट वजनाचे हे फळ. बांदा ओलांडून गोव्यात गेले की याच बोंडाची फेणी होते, आणि तिला २००९ पासून भौगोलिक मानांकनही आहे. आपल्याकडे दारू नको असेल तर राहो. रस तरी काढा. बोंडाचा रस तुरट, घसा धरतो, ही तक्रार खरी आहे. पण त्या तुरटपणावर औषध आपल्याच चुलीवर आहे: रसात भाताची पेज किंवा साबुदाण्याची खळ घातली की तुरटपणा गाळाबरोबर तळाला बसतो. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने आम्हाला वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ अशा जाती दिल्या, रानात कलमे वाढली, बी वाढली. बोंड मात्र आजोबांच्या काळात जिथे पडत होते तिथेच पडते आहे.

अडचण एकच मोठी. बोंड दिवसभरही धड टिकत नाही. म्हणजे त्याचे संकलन दुधासारखे व्हायला हवे: सकाळी वाडीवाडीतून गोळा, दहाच्या आत केंद्रावर, तिथे लगेच रस. दुधासाठी हे आपण करू शकतो. विकास सोसायटीची गोदामे वर्षातले कितीतरी महिने खाली असतात, हे मी डोळ्यांनी बघितले आहे. त्यातले एक गोदाम मार्च ते मे या कामाला दिले तर कोणत्याही नव्या इमारतीचे भूमिपूजन करावे लागणार नाही. कदाचित म्हणूनच कोणाला ते सुचत नसावे.

परवा मी दोन हारे भरून बोंडे उचलली, तर बी काढणारी बाई हसायला लागली. ‘अण्णांनू, बोंडां कित्याक उचलतास?’ मी तिला पेजेची गोष्ट सांगितली. तिने ऐकून घेतली आणि म्हणाली, ‘पेज घराक आसा. पण इतक्या बोंडांचो रस काढूक यंत्र खंय आसा?’

हाताने पिळून मी जेमतेम दोन बाटल्या रस काढला. तालुक्यात कुठे असे यंत्र भाड्याने मिळत असेल, किंवा एखाद्या सोसायटीने घेतलेले असेल, तर आपल्या दैनिकातून जरूर कळवावे. मे अखेरपर्यंत हंगाम आहे.

आपला,
एक निवृत्त गटसचिव,
कणकवली तालुका, जि. सिंधुदुर्ग