एसटीला तोट्यात कोणी घातलं, ते आधी सभागृहात सांगा : परिवहन मंत्री आणि सगळ्या आमदारांना खुलं पत्र

मा. परिवहन मंत्री साहेब आणि विधिमंडळातले सगळे सन्माननीय सदस्य,

सप्रेम नमस्कार. मी बीड जिल्ह्यातला एक साधा शेतकरी. परवापासून आमच्या गावची मुक्कामी गाडी बंद झाली. डेपोत जाऊन विचारलं तर म्हणाले गाड्याच नाहीत, आहेत त्या जुन्या झाल्यात, कुठून पाठवू. त्या माणसाला काय बोलणार, त्याच्या हातात काहीच नाही. पोरगी अकरावीला तालुक्याला जाते, प्रॅक्टिकल सुटेपर्यंत संध्याकाळ होते, काल काळीपिवळीच्या मागच्या फळीवर चौघी-पाचजणींना कोंबून आणलं, फाट्यावर सोडलं, तिथून अंधारात शेतातल्या वाटेनं चालत आली. तिची आई दारात उभी राहून रडत होती. आता तिला तालुक्याला खोली करून द्यायची म्हणजे भाडं, मेस, आणि सोयाबीनला भाव काय मिळाला ते तुम्हाला माहीतच आहे. नाहीतर कॉलेज बंद. गावातल्या दोघींच्या घरी तर आत्ताच लग्नाचं बोलायला लागलेत.

साहेब, आमच्या घरात सवलतींची कमी नाही. पोरीला बारावीपर्यंत पास फुकट. बायकोला मार्च 2023 पासून अर्धं तिकीट. वडील 75 च्या पुढचे, त्यांना ऑगस्ट 2022 पासून प्रवासच मोफत. सवलती चांगल्याच आहेत, त्या काढा असं मी अजिबात म्हणत नाही. पण गाडी आली तर सवलत ना? वडलांना डोळ्याच्या दवाखान्यात न्यायचं तर जीप करावी लागते, ती काय 75 वर्षं बघून पैसे सोडते का.

आणि या सवलतींची घोषणा सभागृहात तुम्ही करायची, टाळ्या तुम्ही घ्यायच्या, पैसे मात्र एसटीनं आधी सोसायचे आणि मग सरकारकडे मागत फिरायचं. पाहुण्यांना जेवायला आपण बोलवायचं आणि किराण्याचं बिल आचाऱ्याच्या नावावर टाकायचं, असं झालं हे. शिवाय प्रत्येक तिकिटामागे 17.5 टक्के प्रवासी कर सरकार घेतंच. म्हणजे एका हातानं घ्यायचं, दुसऱ्या हातानं द्यायचं ते उशिरा द्यायचं, आणि 2025 च्या श्वेतपत्रिकेत लिहायचं की संचित तोटा 10 हजार कोटींच्या वर गेला. हा तोटा एकट्या एसटीनं केलाय का?

2021-22 च्या संपात कर्मचारी सहा महिने बसले होते. कित्येकांनी आत्महत्या केल्या. एसटी सरकारात विलीन करा ही त्यांची मागणी होती, त्या विलीनीकरणाला तुम्ही नाही म्हणालात, पण पगाराला निधी देऊ असं सांगितलंत. मग एप्रिल 2025 मध्ये मार्चचा पगार 56 टक्केच कसा हातात पडला? 56 टक्के पगारावर माणूस रात्रीची गाडी घाटातून चालवतो तेव्हा आत 40-50 जीव असतात हो. त्याआधी जानेवारीत 14.95 टक्के भाडेवाढ आमच्याकडून वसूल झाली होतीच. आम्ही भरली. मग ते पैसे गेले कुठे, आमच्या गावात तर गाडी वाढायच्या ऐवजी होती तीच गेली.

दरवर्षी 5 हजार नव्या लालपरी आणणार असं तुमच्या खात्यानंच जाहीर केलं होतं. कोविडच्या आधी 18 हजारांच्या आसपास गाड्या होत्या, त्यानंतर हजारोंनी कमी झाल्या, आणि रोज 50 लाखांवर माणसं यातच बसतात. नागपूर ते गोवा शक्तिपीठ महामार्गाला 86 हजार कोटी लागणार म्हणतात, ते उभे करायची तयारी आहे. त्या रस्त्यावरून ज्याची गाडी आहे तो जाईल. ज्याच्याकडे नाही त्यानं फाट्यावर उभं राहायचं. रस्त्यावरचा खर्च म्हणजे विकास आणि एसटीवरचा खर्च म्हणजे तोटा, हे कोणी ठरवलं? सगळी व्यवस्थाच कारमध्ये बसणाऱ्यांनी कारमध्ये बसणाऱ्यांसाठी चालवलीय असं आता मला स्पष्ट वाटतं. लाल गाडीत आमदारांसाठी सीट राखीव असते, त्यावर मी आजवर एकही आमदार बसलेला बघितलेला नाही.

समित्या भरपूर झाल्या. विधिमंडळाची सार्वजनिक उपक्रम समिती आहे, ती एसटीचा अभ्यास करते, अहवाल पटलावर येतो आणि पुढे काय होतं ते आम्हाला कळतही नाही. आता अभ्यास नको. सवलतीचे पैसे दर महिन्याच्या ठरल्या तारखेला एसटीच्या खात्यात आगाऊ जमा झालेच पाहिजेत, असा कायदा करा. प्रवासी करातून जे मिळतं ते सगळं नव्या गाड्यांना द्या. आणि कुठल्याही गावाची शेवटची गाडी ग्रामसभेला विचारल्याशिवाय बंद करता येणार नाही, हेही त्याच कायद्यात लिहा.

नागपूरच्या अधिवेशनात आमच्या आमदारांनी यावर लक्षवेधी लावावी, ही त्यांना या पत्रातूनच जाहीर विनंती. नाही लावली तर मतं मागायला येताना त्यांनी एसटीनं यावं. आमच्या गावापर्यंत पोचतात का बघू.

आपला,
बीड जिल्ह्यातला एक प्रवासी आणि मतदार