गोडाऊन लावून देणाऱ्या काकांना

ती. काकांना,
सा. न. वि. वि.

इंदूरच्या दवा बाजारातले, म्हणजे औषधांच्या घाऊक बाजारातले, ओळखीचे लोक हल्ली विचारतात, "गोडाऊन कोणाकडून लावून घेतलं? कन्सल्टंट कुठचा?" प्रत्येकाला वेगळं काय सांगत बसू, म्हणून हे पत्र सगळ्यांदेखत. कन्सल्टंट वगैरे कोणी नाही. पीथमपूरच्या कारखान्यात जन्मभर स्टोअर सांभाळून रिटायर झालेले आमचे रामबागेतले शेजारी.

आलात त्या दिवशी तुम्ही रॅकला हातसुद्धा लावला नाहीत. पॅकिंगच्या टेबलापाशी स्टूल टाकून बसलात आणि पोरगा ऑर्डर काढायला ज्या वाटेने जाई, ती कागदावर पेन्सिलीने ओढत राहिलात. दुपारपर्यंत नुसता गुंता! पॅरासिटामॉल, ओआरएस हा रोजचा माल सगळ्यांत आत, आणि क्वचित खपणारी मलमं दाराशी. कारण माल कंपनीवार लावलेला. बाबांच्या काळी मोजक्या कंपन्या होत्या, तेव्हा ते ठीकच होतं.

मग बिलं काढून तुम्ही खपाप्रमाणे जागा ठरवल्यात. रोजचा माल टेबलाजवळ, कमरेपासून खांद्यापर्यंतच्या खणांत. सलाइनचे जड खोके खाली. पडून राहणारं वर. आधी मुदत संपणारं पुढे, बाकीचं त्यामागे. एकाच गोळीचे ५ आणि १० मिलिग्रॅमचे खोके शेजारी ठेवायचे नाहीत, हे मला सगळ्यांत पटलं. घाईत तिथे हात चुकतोच. २ ते ८ अंशांवर चालणारा इन्सुलिनचा फ्रिज मात्र जागचा हलवू दिला नाहीत.

पण खरी कमाल पुढेच. रॅकला नंबर द्यायचे म्हटल्यावर आमचे जुने हेल्पर फुगून बसले. "हमको सब याद है, नंबर-वंबर किसलिए?" तुम्ही वाद घातला नाहीत. खडू त्यांच्याच हातात दिलात : "दादा, कौन सा माल कहाँ रहेगा, आप बताओ." रॅकवरचे आकडे त्यांच्या हातचे आहेत. आता तेच नव्या पोरांवर डाफरतात, "उधर-वुधर मत बोल, तीन-ब-दो बोल!" ते गावी गेले तरी आमचं अडत नाही.

पैशांचं पाकीट तुम्ही परत पाठवलंत, त्यावर आई रागावली आहे. ते तुमचं तुम्ही बघून घ्या. थंडीत खोकल्याची औषधं पुढे आणावी लागतील आणि ओआरएस मागे, तेव्हा दिवाळीआधी एक चक्कर टाका.

आपली,
शेजारची